दर तीन दिवसांनी धुतलेलं पांघरूण

डोळे मिटून पडलेलं मूल झोपलंय की सोंग करतंय, हे पाळणाघरवाल्या मावशी दारातूनच ओळखत. नवरा गेल्यावर पुढच्या खोलीत तीन चटया टाकून त्यांनी काम सुरू केलं, तेव्हा जावा नाकं मुरडत होत्या. सव्वीस वर्षांनी त्याच जावांची नातवंडं इथे दुपारभर घोरत होती.

झोपत नव्हती ती फक्त बडबडी. चार वर्षांची पोर, बोलून बोलून डोकं खायची, म्हणून मावशींनीच हे नाव ठेवलेलं. आईबाप वेगळे झाले. पोर तीन दिवस एकाकडे, चार दिवस दुसऱ्याकडे राहू लागली. अदलाबदल पाळणाघरातच व्हायची. चार महिन्यांत तिची लांबलचक वाक्यं गेली, 'पाणी' आणि 'नको' एवढंच उरलं. चड्डी ओली करायची सुटलेली सवय परत आली. सगळी मुलं झोपली की ही छताकडे टक लावून पडायची.

आई म्हणे, बापाकडे टीव्ही बंदच होत नाही. बाप म्हणे, आईच्या घरी कशालाच वेळ नाही. कोणतं मूल कधी, किती झोपलं ते मावशी एका वहीत लिहीत; दोघांनाही ती झोपेची वही हवी होती, वकिलाला दाखवायला. मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला. पोर झुरतेय आणि ह्यांना पुरावे हवेत! त्यांनी वही कपाटात कोंबली आणि किल्ली कमरेला खोचली.

मग एका दुपारी त्यांनी पाहिलं, पोरीनं दोन्ही घरी सोबत जाणारं आपलं पांघरूण तोंडाशी नेलं, हुंगलं आणि दूर ढकललं. मावशींनी उचलून नाकाला लावलं. साबणाचा भपकारा. परवाही असाच होता, पण साबण वेगळा.

मावशींनी विचारल्यावर आईनं सरळ सांगितलं, त्या घरातला वास आपल्या घरात नको, म्हणून पोर आली की पांघरूण आधी बादलीत. बापाचंही तेच.

पुढच्या अदलाबदलीला मावशींनी दोघांना पायरीवर उभं केलं.

"तुमचं एकमेकांशी काय बिनसलंय ते तुम्ही बघा. हिला झोपायला एक ओळखीचा वास लागतो, तो तुम्ही आठवड्यातून दोनदा गटारात सोडता."

बाप स्वच्छतेबद्दल काहीतरी पुटपुटला.

"स्वच्छता मला शिकवू नका. लोकांच्या पोरांचे ओले कपडे धुण्यात जन्म गेला माझा." आईला हसू फुटलं, तशा मावशी तिच्याकडे वळल्या. "तुम्ही काय हसताय? जास्त भपकारा तुमच्याच साबणाचा येतो."

पांघरूण धुवायचं ते फक्त मावशींनी, आणि त्यांना वाटेल तेव्हाच, असं ठरलं. तीन आठवड्यांत त्यावर दुधाचे, खडूचे डाग पडले. पोर अजून फारशी बोलत नव्हती. पण एका दुपारी अडीचला तिचा हात सैल पडला, तोंड उघडं राहिलं. सोंग नव्हतं.

तीनला बाप आला. घड्याळ दाखवत म्हणाला, "उठवा तिला. तीनपासून माझी वेळ आहे."

मावशी दारात आडव्या उभ्या राहिल्या. "ती उठेल तेव्हा तुमची वेळ सुरू होईल. बसा."

बसायला मुलांच्या बुटक्या खुर्च्याच होत्या. गुडघे हनुवटीशी घेऊन तो सव्वाचारपर्यंत बसला.