धाकटीच्या अळ्या

थोरलीने अकरा वर्षे गांडुळे पाळली. त्या काळात तिला कोणाचा हेवा वाटल्याचे कोणीही सांगत नाही. हेव्याला तोंड फुटले ते धाकट्या जावेने शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये काळ्या माश्यांची पैदास सुरू केल्यावर.

मंडईतल्या भाजीच्या कचऱ्याची गाडी रोज थोरलीच्या दारात रिकामी होई. त्या कचऱ्याचे खत करायला तिच्या गांडुळांना दोन महिने लागत. धाकटीच्या माश्यांच्या अळ्या तेवढाच कचरा बारा दिवसांत फस्त करत. शिवाय पोसलेल्या अळ्या वाळवल्या की कोंबड्यांना खाद्य होई.

"माश्या म्हणजे रोगराई," थोरली येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी.

"ताई, ही माशी अन्नावर बसत नाही हो. तिला खायला धड तोंडसुद्धा नसतं," धाकटी म्हणे.

"तोंड नाही, तरी बोलबाला केवढा!"

मंडईचा मुकादम पूर्वी कचऱ्याविषयी काहीही विचारायचे झाले की थोरलीकडे येई. आता त्याची सायकल धाकटीच्या फाटकाला टेकलेली दिसे. एके दिवशी त्याने दोघींना सांगून टाकले, की यापुढे गाडी दोघींपैकी एकीलाच मिळेल. सोमवारी दहा वाजता तो दोन्हीकडे बघणार होता आणि तिथेच ठरवणार होता.

नेमके रविवारी धाकटीला आईच्या डोळ्यांसाठी दवाखान्यात जावे लागले.

"ताई, जाळीचं दार लागलंय ना, तेवढं बघाल? बाकी कशाला हात लावू नका."

"ऐतखाऊंची राखण करायला मीच सापडले होय गं?" थोरली म्हणाली खरी, पण दुपारी गेली.

चाळीस काळे ट्रे मांडलेले होते. मंद आचेवर आधण ठेवावे तशी त्यांतून बारीक सळसळ येत होती. वरचा थर मात्र वाळल्या चहापत्तीसारखा कोरडा होता. गांडुळांच्या खड्ड्यावर कोरड दिसली की झारी उचलायची, हे थोरलीच्या हाताला अकरा वर्षे ठाऊक. तिने झारी उचलली आणि चाळीसही ट्रे चिंब केले. पुढे ती काही जणांना सांगे, की सवयीने हात गेला. माहेरच्या सख्ख्या बहिणीपाशी मात्र तिने कबूल केले, की दहाव्या ट्रेशी हात थांबला होता, आणि मग पुन्हा चालू झाला. दोन्ही खरे असावे.

ट्रेची कड ओली असली की अळी तिला चिकटून वर चढते, हे तिला ठाऊक नव्हते. सोमवारी सकाळी धाकटी परतली तेव्हा ट्रे निम्मे रिकामे होते आणि फरशीवर अळ्यांचे ओघळ लागले होते. तिने एका ट्रेमध्ये बोट बुडवले.

"पाणी कोणी मारलं?"

"कोरडं दिसलं. माझी पद्धत आहे ती."

"ही काय तुमची गांडुळं आहेत, ताई?" धाकटी एवढेच बोलली आणि केरसुणी घेऊन फरशीवर बसली. थोरलीने थोडा वेळ वाट पाहिली, मग सूप आणले. दोघी अळ्या भरत राहिल्या.

मुकादम आला तेव्हा फरशी साफ झालेली नव्हती. त्याने कपाळाला आठ्या घातल्या. थोरलीला आतून बरे वाटले आणि ती त्याला तत्परतेने आपल्या खड्ड्याकडे घेऊन गेली. "इथे बघा, कशी शिस्त आहे!" म्हणत तिने गोणपाट उचलला.

आदल्या दिवशी काठोकाठ भरलेला कोबीचा पाला अर्ध्यावर बसला होता आणि उरलेला जागच्या जागी हलत होता. पळालेल्या अळ्या भिंतीखालून इथेच आल्या होत्या.

"एका रात्रीत एवढा?" मुकादमाने काठीने ढवळून पाहिले. "मग आता बघायचं काय राहिलं? गाडी धाकट्या बाईंकडे जाईल."

तो गेल्यावर धाकटी म्हणाली, "अळ्यांनी उरवलेला चोथा रोज निघतो. तुमच्या खड्ड्यात टाकत जाऊ का?"

"उष्टं?"

"गांडुळांना विचारून बघा."

थोरलीने नाक मुरडले, पण टोपली परत पाठवली नाही. तीन आठवड्यांनी तिने खड्डा उकरला. इतकी जाडजूड, तुकतुकीत गांडुळे तिने अकरा वर्षांत पाहिली नव्हती. तेवढ्यात कुंपणापलीकडून हाक आली, "काय ताई, मानवतंय का?"

थोरलीने घाईघाईने गोणपाट ओढला आणि त्यावर पाय देऊन उभी राहिली.

"ठीक आहेत," ती म्हणाली. "पहिल्यासारखीच."