सगळे झ सत्याग्रहात

घोडपदेवच्या आमच्या चाळीत नवी कादंबरी कुठली वाचावी, हे कुणी शाळामास्तरांना विचारत नसे. बुधाकाकाला विचारत. बुधाकाका गिरगावात एका छापखान्यात खिळे जुळवायचा. म्हणजे शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळीत लावायचं. ती अक्षरं आरशातल्यासारखी उलटी असतात. त्यामुळे मुंबईत कुणीही रहस्यकथा वाचायच्या आधी काकाने ती उलटी वाचलेली असे.

संध्याकाळी तो गॅलरीत टेकला की बाया जमायच्या. वरच्या मजल्यावरच्या सुभद्राबाई तेवढ्या जिन्यातूनच ऐकायच्या; काका त्यांच्या दारी कधी गेला नव्हता.

"भावजी, नवीन काय?" शेवंतीकाकू विचारायची.

"ती पायरीवाली घ्या. जिन्याला रोज एक पायरी वाढते, अन् माडीवरच्या म्हाताऱ्याला खाली यायला रोज जास्त येळ लागतो."

"अन् समुद्राखालच्या राज्याची?"

"अर्धीच वाचा. पुढं राजा भाषण करतो."

"भुताची एखादी?"

"हाय की. दीक्षा घेतल्यापासून मी भूतबित मानत नाय, वहिनी. पन छापायचं भूत वेगळं. त्याला कामापुरतं मानावं लागतं."

काकाचा जीव होता तो सीतारामपंत नावाच्या लेखकावर. पंतांचे कागद पहिल्यांदा आपल्याच हाताखाली यावेत, एवढीच त्याची चैन. त्या हिवाळ्यात पंतांची नवी कादंबरी जुळत होती. समुद्राकाठी बंगला. धाकटा भाऊ मेलेला. रोज तिन्हीसांजेला जिन्यावर ओली, खारट पावलं उमटतात आणि दारापाशी संपतात. संशय थोरल्या भावावर, झुंबररावावर.

ती हातात असताना काका आमच्यात असून नसायचा. गिरण्यांचा धूर खाली उतरला की म्हणायचा, "खारं लागतंय." दुकानांच्या पाट्या सुलट्या दिसल्या की अडखळायचा. चौपाटीवर ओहोटीच्या ओल्या वाळूत उलटं आभाळ बघत उभा राहायचा. म्हणायचा, "हे अजून छापायचं बाकी हाय."

सोळा पानांचा एक फर्मा. चौदा फर्मे छापून झाले, त्यांतले खिळे सुटे होऊन आपापल्या घरांत, म्हणजे अक्षरागणिक केलेल्या लाकडी खणांत, परत पडले. राहिला शेवटचा, खुनी सांगणारा. आणि काकाने झच्या घरात बोट घातलं तर तळाचं लाकूड लागलं.

सगळे झ कुठे? 'झालाच पाहिजे'त! छापखान्यात रोज संयुक्त महाराष्ट्राची हस्तपत्रकं निघत. परळचं वेगळं, लालबागचं वेगळं, दादरचं वेगळं. उद्या पुन्हा लागतील म्हणून मजकूर तसाच बांधून ठेवलेला. नवे खिळे आणावेत तर बाजाराला हरताळ.

मालक वसंतराव. नाकात कायम तपकीर. त्यांचा आवाज काकाने काढला, काकाकडून मी उचलला: "बुधांजी, फंर्मा आंज चढलांच पांहिजे. वांचनालयवाले शंनिवारी दांरात येतींल."

"मालक, झ नाय."

"मंग ज लांव."

"जुंबरराव? लोक हसतील."

"मंग नुंसतं 'तो' लांव."

काकाने लावून बघितलं. तिसऱ्या पानावर खुनी 'तो', फौजदार 'तो', मेलेलाही 'तो'. कोण कुणाला पकडतंय, कळेना. पंतांना विचारावं, तर पंत सत्याग्रह करून तुरुंगात.

तेव्हा काकाने ते केलं. झुंबररावाला त्याच्या खोलीत झोपवला आणि खून धाकट्याच्या बायकोवर, बकुळेवर घातला. सोळा पानं मनानेच जुळवली, कागदाशिवाय आणि एकाही झशिवाय. संध्याकाळी फर्मा यंत्रावर चढला.

पुस्तक निघालं, आणि चाळीत भाजी करपायला लागली. "बकुळा! बाई गं, माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं!" शेवंतीकाकू दोन दिवस हेच म्हणत होती. काका मात्र भाकरी कुस्करत बसायचा. मला म्हणाला, "पंत सुटले की कागद दुसऱ्या छापखान्यात जातील. मालकांना दुसरं काम मिळंल. मला दुसरे पंत कुठनं?"

पंत सुटले ते घरी न जाता थेट छापखान्यात. दाढी वाढलेली, हातात तेच पुस्तक. बराकीत कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवलं होतं म्हणे.

"बुधाजी! माझा झुंबरराव निर्दोष कसा सुटला?"

"झ नव्हते, पंत."

"काय नव्हते?"

काकाने बांधलेला मजकूर पुढे ठेवला. झालाच, झालाच, झालाच. पंत वाकून बघत राहिले. हेच ओरडून ते आत गेले होते; आता रागवायचं कुणावर?

"बरं. पण मग बकुळाच का? फौजदार चालला असता. माळी चालला असता."

काका म्हणाला, "पंत, पाचव्या फर्म्यात बाई म्हणते, वाऱ्याची भीती वाटते, मी खिडकी उघडत नाही. नवव्यात तिच्या केसांवर खारं पाणी. खिडकी बंद, मग पाणी आलं कुठनं? म्हंजे बाई खोटं बोलते. मला वाटलं, तुमच्याच मनात ती आसंल."

पंत बराच वेळ पानं उलटत होते. पाचवा, नववा, पुन्हा पाचवा.

"नव्हती," ते शेवटी म्हणाले. "मी ती खिडकी विसरलो होतो."

मालक मध्येच म्हणाले, "दुंसऱ्या आंवृत्तीत दुंरुस्त करूं!"

"राहू द्या," पंत म्हणाले. मग त्यांनी पिशवीतून तुरुंगात लिहिलेले कागद काढले आणि मालकांकडे न देता काकाच्या हातात ठेवले. "शेवट लिहिलेला नाही. चौदा फर्मे झाले की मला निरोप पाठवा. आणि बुधाजी, खुनी कोण ते तुम्हाला आधी कळलं, तर मला लगेच सांगू नका. थोडं मलाही शोधू द्या."

त्या संध्याकाळी काका आमच्या मजल्यावर थांबलाच नाही. वरच्या मजल्यावर गेला, सुभद्राबाईंच्या दारात चपला काढल्या आणि आपल्याच घरात बसल्यासारखा चहा मागून बसला. सुभद्राबाईंनीही निमूट आधण ठेवलं.

"किती पानं झाली हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"पहिलंच," काका म्हणाला. "एक दार हाय. अजून कुणी वाजवलेलं नाय."