माशाच्या पेटीतलं अळू

गुडघ्याचं ऑपरेशन करून आमचे हे बारामतीला लेकीकडं राहिले. भवानीनगरच्या मळ्यात मी आणि ह्यांचा गोल्डफिश असे दोघंच उरलो.

कारखान्यातून रिटायर झाल्यावर ह्यांनी काचेची पेटी आणली, तेव्हापासून त्या केशरी माशात ह्यांचा जीव. जाताना मला बजावलं, "दर रविवारी चौथा हिस्सा पाणी बदल. माशाची घाण सडून शेवटी त्याचं नायट्रेट होतं. ते वाढत गेलं की मासा गेला म्हणून समज."

"माझ्या गुडघ्यांची कधी एवढी काळजी केली न्हाय," मी म्हटलं.

पुढं पुढं काच हिरवी पडायला लागली आणि मासा तळाला जाऊन बसला. पेटीतलं पाणी काचेच्या नळीत घेऊन मी त्यात ह्यांच्या डबीतल्या नायट्रेट तपासायच्या औषधाचे थेंब घातले. पिवळं राहिलं तर चांगलं, लाल झालं तर वाईट. चांगलं कुंकवासारखं लाल झालं! चौथा हिस्सा पाणी बदललं, तरी लाल. मग निम्मं बदललं. आणखीच लाल.

तेवढ्यात फोन. "मासा कसाय?"

"तुमच्यापेक्षा बरा. कुरकुर करत न्हाय."

बोलले खरी, पण फोन ठेवून आधी पेटीत डोकावले. लेक सांगत होती, हे व्यायामाचा कंटाळा करतात, पण 'आबा, मासा वाट बघतोय' म्हटलं की मुकाट उठून चालतात. मासाच राहिला नाही तर हा माणूस उठायचा कशासाठी?

मग सहज म्हणून बोअरच्या बादलीतलंच पाणी नळीत घेतलं. तेही लाल! म्हणजे मी बादल्या भरभरून माशाला नायट्रेटच पाजत होते. आम्ही माणसं प्यायला कधीपासून जारचं पाणी आणतो; बोअरचं ठेवलेलं भांड्यांना, आणि ह्या बिनबोलत्या पाहुण्याला.

बोअरला तरी काय नावं ठेवायची? भोवती सगळा ऊस. आणि त्या उसाला खत कुणी टाकलं? एक नवी नवरी होती, दिसायला बरी, अकलेनं बेताची. सासरे म्हणायचे मुठीनं टाक, ही ओंजळीनं टाकायची. जावेच्या उसापेक्षा हिचा काळाभोर दिसला पाहिजे ना! निम्मा युरिया पाण्याबरोबर जमिनीत उतरतोय, आणि बाईसाहेब बांधावर पदर सावरत मिरवतायत. आता म्हातारपणी बसा बादल्या ओतत.

त्या दिवसापासून जारचं पाणी थोडं थोडं घालायला लागले; एकदम बदललं तर मासा बिचकतो. पण डोक्यात एक गोष्ट घोळत राहिली. पाण्यात खत झालंय, तर खत असतं तिथं आपण काय करतो? पीक घेतो!

न्हाणीमागच्या अळूतलं एक रोप उपटलं, मुळांची माती खळाखळा धुतली, आणि मुळं पाण्यात, पानं वर असं पेटीच्या कडेला अडकवलं. मुळं अशी फोफावली की विचारू नका. हळूहळू नळीतला लाल रंग नारिंगीवर उतरला, आणि मासा तळ सोडून मुळांमधनं हिंडायला लागला.

हे बारामतीहून काठी टेकत आले ते माझ्याकडं न बघता थेट पेटीपाशी.

"हे काय?"

"पीक."

"माज्या पेटीत?"

"पेटी तुमची, खत तुमच्या माशाचं, मेहनत माझी. निम्मा वाटा."

ह्यांचा माझ्यावर विश्वास कुठला! स्वतः थेंब घातले, नळी खिडकीशी धरून बघितली. मग काठीवर भार देऊन वाकले आणि मुळांआडच्या माशाकडं कितीतरी वेळ बघत राहिले. सरळ होऊन म्हणाले, "पानं झकास हायत. वड्या कर की."

"त्या पानांना हात लावायचा न्हाय. ती माशाच्या चाकरीला हायत. वड्या पायजेत तर न्हाणीमागनं तोडून आणा."

"मी? ह्या गुडघ्यानं?"

"व्हय. मासा बघतोय."

काठी उचलली आणि निघाले.