हिचा हात उडते

केळझरच्या आमच्या दारातली रांगोळी हा मायच्या अभिमानाचा विषय होता, आणि ती टाकणारी होते मी. मायच्या हाताला वळण नव्हतं. साधी सरळ रेघही तिचं ऐकत नसे. म्हणून रोज पहाटे माझं पांघरूण ओढलं जाई. सडा तिचा, ठिपके माझे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. दहावीच्या सुमारास माझा हात उडू लागला. चिमटीत रांगोळी धरून कोणता ठिपका कुठे जोडायचा याचा विचार करू लागले, की हात आपोआप झटकन वर जाई आणि सगळी भुकटी ठिपक्यांतल्या मोराच्या डोळ्यात. "ध्यान कुठं असते वं तुयं?" माय ओरडायची. मला भयंकर राग यायचा, कारण ध्यान तिथेच असायचं.

बारावीच्या दिवाळीत फराळापायी जागरण झालं आणि पहाटे मी ठिपक्यांवरच कोसळले. शुद्धीवर आले तेव्हा नाकाशी फोडलेला कांदा होता आणि अंगणात अख्खी गल्ली. फिट आली म्हणे. जवळच्या डॉक्टरांनी गोळी दिली, तरी पुन्हा आली. मला वर्ध्याला डी.एड. करून मास्तरीण व्हायचं होतं. बाबांनी तो विषयच बंद केला. "होस्टेलात पडली तं कोन पाह्यन?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त झोंबलं.

शेवटी वर्ध्याकडच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या एक डॉक्टरीणबाई फिटवर संशोधन करत होत्या. ठरावीक गोष्ट केली की फिट येते, अशी माणसं त्या शोधत होत्या. कुणाला वाचताना येते, कुणाला झाडांआडून लुकलुकणाऱ्या उन्हानं. त्यांनी विचारलं, "फिट सोडून एरवी झटके येतात का?"

"नाई जी," माय म्हणाली. आमच्याकडे झटका म्हणजे करंटचा. मीही मान हलवली.

उठता उठता मायनं तेवढ्यात माझी चुगली केली. "पोरगी चांगली हाय मॅडम, पन ध्यान नाई. सकाऊन रांगोळी टाकते तं हिचा हात उडते."

बाई उठत होत्या, त्या परत बसल्या. "उडतो म्हणजे कसा?"

मायनं इतकं हुबेहूब करून दाखवलं की टेबलावरचा पेपरवेट खाली पडला.

मेंदूचा आलेख काढायला बोलावलं. कमी झोपून, केस धुऊन, तेल न लावता या, असं बजावलं होतं. मायनं केस धुतले आणि एस.टी. यायच्या आधी चपचपीत तेल लावलं. पोरीला भुरक्या केसांनी दवाखान्यात नेणं तिच्या जिवावर आलं होतं. डोक्याला तारा चिकटेनात, म्हणून पुन्हा नळाखाली डोकं! मग बाईंनी माझ्या मांडीवर काळा पुठ्ठा ठेवला, हातात रांगोळी दिली. मी ठिपके जोडू लागले. मोर अर्धा झाला, हात उडाला आणि त्याच क्षणी मशीनच्या सगळ्या पेनांनी कागदावर उडी मारली. रांगोळी बिघडल्याचा आनंद मला आयुष्यात तेवढा एकदाच झाला.

बाईंनी समजावून सांगितलं. हा अपस्मार सगळ्या मेंदूत एकदम उठतो. मोडलेली झोप, पहाटेची वेळ आणि विचार करत करायचं बारीक हातकाम एकत्र आलं की हात उडतात आणि कधी फिटही येते. पोरीचं ध्यान शाबूत आहे. त्यांनी गोळी बदलली आणि बाबांना म्हणाल्या, "गोळी चुकवायची नाही, झोप मोडायची नाही. फिट थांबल्या की डी.एड.ला खुशाल पाठवा." मायच्या एका चुगलीला त्यांनी कान दिला, याचे उपकार मी अजून मानते.

फिट थांबल्या. पुढच्या वर्षी बाबांनी स्वतःच माझी ट्रंक बाहेर काढली.

निघायच्या दिवशी जाग आली तेव्हा खिडकीत ऊन होतं. धावत दारात गेले, तर माय उकिडवी बसून रांगोळी टाकत होती.

"उठवलं काऊन नाई?"

"झोपू दिलं. मॅडमनं सांगतलं नाई का?"

मोर कोंबडीसारखा दिसत होता. मला हसू आवरेना. मान वर न करता तिनं कोपरानं डोळे पुसले.

"हासू नको वं. आज माहा हात उडून राह्यला."

त्या वाकड्या मोराला पाय लागू न देता, वळसा घालून मी एस.टी.ला गेले.