हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू येतं

पुण्याच्या साहेबांनी आमचं अकोल्याचं ऑफिस भिंती काढून मोकळं करायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात आधी माझी केबिन पाडली. बियाण्यांच्या कंपनीचं विभागीय ऑफिस आमचं, आणि मी तिथली मॅनेजर. काचा गेल्या, प्लायवूड गेलं, आणि सेल्स, गोदाम, हिशेब, तक्रारी असे सगळे एकाच मोठ्या हॉलमध्ये येऊन बसले. माझं टेबल मधोमध. 'आता मॅनेजर आणि स्टाफ यांच्यात भिंत नाही,' साहेब भाषणात म्हणाले. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं होतं.

आणि फायदा झालाच की! पूर्वी सेल्सवाला म्हणायचा माल निघाला, गोदामवाला म्हणायचा निघालाच नाही, आणि दोघं वेगवेगळे येऊन माझं डोकं खायचे. आता दोघं समोरासमोर, भांडण जिथल्या तिथं मिटायचं. पण एक गोष्ट पुण्यात बसून कळणारी नव्हती. आमच्या वऱ्हाडात कानावर पडलेलं कोणी कानाआड करत नाही. ऐकलं की बोलायचं, आणि बोललं की मदतीला धावायचं. हिशेबातल्या बाईंनी फोनवर नुसतं गुडघा दुखतो म्हटलं, तर चार टेबलांवरून पाच तेलं सुचवली गेली. मला त्याची गंमत वाटायची.

तक्रारींच्या टेबलावर आमची एक पोरगी बसते. बी उगवलं नाही म्हणून तापून आलेला माणूस तिच्याशी बोलला की चहा पिऊन जातो, अशी पक्की. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नव्हतं. अमरावतीच्या डॉक्टरांकडे उपचार चालू होते, आणि सुट्या लागायच्या म्हणून ते तिनं केबिनच्या काळात मला एकटीला सांगितलं होतं. मी मूर्तिजापूरला दौऱ्यावर होते, त्या दिवशी दवाखान्याचा फोन तिला भर हॉलमध्ये आला. "खरंच? पॉझिटिव्ह?" एवढंच तिच्या तोंडून निघालं, हात आपसूक पोटावर गेला, आणि शेजारच्या टेबलावरचे सेल्सचे काका तडक जाऊन पेढे घेऊन आले. आमच्याकडे तिसरा महिना सरेपर्यंत ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जात नाही. हिनं तर सासूलाही सांगितलं नव्हतं, आणि इथं अख्खा हॉल पेढे खात होता. प्रेमानंच हो! दुष्टाव्यानं कोणी पेढे वाटतं का?

पुढच्याच महिन्यात ते राहिलं नाही.

ती कामावर परत आली, तेव्हा तोच हॉल मुका झाला. तिच्या टेबलाजवळून माणसं अशी हळू चालायची, जसं घरात कोणी आजारी आहे. सेल्सचे काका तर मान वर करेनात. काही दिवस तिनं ते सोसलं. मग एका दुपारी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मॅडम, मी एक तारखेपासून येणार नाही."

सगळ्या माना वळल्या. "उद्या दर्यापूरले चाल माझ्यासोबत," मी म्हटलं. "इथं नको बोलू."

दुसऱ्या दिवशी दौऱ्याला निघालो, गाडी मीच चालवत होते. गाव मागे पडलं.

"काहून सोडतं वं?" मी विचारलं. "एवढी चांगली नोकरी."

"कोनावर राग नाही, मॅडम. पण मले रडाचं आहे, अन् जागाच नाही. घरी सासू रडून राहिली, तिले समजवा लागते. इथं लोकायसमोर कसं रडू? बाथरूमात गेलं तर कोणीतरी पाणी घेऊन मागं येते."

मला काय वाटलं सांगू? संताप आला. सगळ्या कंपनीत एका बाईला रडायला चार फूट जागा नसावी! गाडी बाजूला घेतली आणि तिच्यादेखत पुण्याला फोन लावला.

"सर, मला एक खोली पाहिजे. दाराची."

"म्हणजे पुन्हा केबिनच की! मग आपल्या ओपन कल्चरचं काय?"

"माझ्यासाठी नाही. ज्याला लागेल त्यानं जाऊन बसावं, कोणी कारण विचारू नये."

"पुढच्या तिमाहीत बघू."

"तोवर माझं चांगलं माणूस जाईल, सर. मी करून घेते, तुम्ही नंतर रागवा."

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी हॉलच्या कोपऱ्यातली बियाण्यांच्या नमुन्यांची कोठी रिकामी करायला लावली. काकांनी स्वतः पोती उचलली. सुताराकडून दार बसवलं, आतून कडी लावली, एक खुर्ची ठेवली. परवानगी अजून आलेली नाही. तिनं मात्र यायचं की नाही, हे काही सांगितलं नव्हतं. एक तारखेला सकाळी मी कामाचं सोंग करून दरवाज्याकडे बघत बसले होते.

ती आली. टेबलावर पर्स ठेवली, सगळ्यांच्या देखत सरळ त्या खोलीत गेली आणि कडी लावली. पातळ प्लायवूडचं दार ते. थोड्या वेळानं आतून हुंदका ऐकू आला, मग मोठ्यानं रडणं. काका पाण्याची बाटली घेऊन उठले. मी डोळे वटारले, तसे खाली बसले, आणि एकदम फोन कानाला लावून ओरडायला लागले, "हॅलो! हाव, हाव! बोला ना भाऊ, आवाज येऊन नाही राहिला!" फोन वाजलाच नव्हता. मग हिशेबातल्या बाई जोरजोरात आकडे वाचायला लागल्या, गोदामवाल्यानं उगाच सेल्सवाल्याशी भांडण काढलं, आणि सारा हॉल दणाणून गेला.

कडी निघाली. ती दारात उभी राहिली, डोळे सुजलेले, आणि सगळे एकदम चिडीचूप.

"काहून गप झाले?" ती म्हणाली. "बोला ना. मले अजून थोडा वेळ लागते."

आणि तिनं दार पुन्हा लावून घेतलं.