पुलाच्या पलीकडच्या टोकाला

ती हात वर करायची आणि म्हणायची, "थांब रे बाला, पूल काय पलून जात नाय." तेवढ्यावर अवाढव्य ट्रेलर जागच्या जागी थांबायचा.

मनोर-पालघर रस्त्यावरचा जुना पूल रुंद करायचं काम चाललं होतं. रस्ता बंद करणं शक्य नव्हतं, बोईसरच्या कारखान्यांचा माल तिथूनच जायचा. म्हणून अर्धा पूल कामाला, अर्धा वाहतुकीला. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी. दोघांकडे एकेक झेंडी आणि वॉकीटॉकी. तिनं गाड्या सोडल्या की मी अडवायच्या, मी सोडल्या की तिनं. काम अगदी सारखं. पण त्या दिवसांत तुम्ही तिथून गेला असाल, तर तुम्हाला ती आठवत असेल. मी नाही.

ती किनाऱ्यावरच्या दांडी गावची. आधी बाजारात मासळी विकायची, त्यामुळे आवाज पार माझ्यापर्यंत यायचा. ड्रायव्हर काच खाली करून विचारायचे, "मौसी, कैसी हो?" कुणी केळी द्यायचं, कुणी गार पाण्याची बाटली. माझ्या वाट्याला हॉर्न आणि शिव्या. मीही तिच्यासारखं हसून पाहिलं. एकानं विचारलं, "हँस क्यों रहा है?"

एका दुपारी मी सोडलेल्या रांगेतला भरलेला टेम्पो पुलाच्या मधोमध बंद पडला. त्याच्यामागे जीप होती, आत डोंगरातल्या पाड्यावरची, बाळंतपणात अडलेली बाई. मी धावत गेलो, ड्रायव्हरांना म्हटलं, "उतरा, धक्का द्या." कुणी हललं नाही. "क्रेन बुलाओ," म्हणाले.

मी वॉकीटॉकीवर तिला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "येतंय."

आली ती एकटी नव्हती. तिच्या टोकाला खोळंबलेले सगळे ड्रायव्हर गाड्या सोडून तिच्यामागं पळत होते. तिनं स्वतः खांदा लावला, शेजारी मी. टेम्पो पुलाबाहेर गेला, जीप सुटली.

काही दिवसांनी त्या बाईचा नवरा शेतातल्या काकड्यांची टोपली घेऊन माझ्या टोकाला उतरला. मी पुढं झालो.

"त्या मावशी कुठं हायत?" त्यानं विचारलं.

संध्याकाळी तिनं अर्ध्या काकड्या माझ्याकडे पाठवल्या. वॉकीटॉकीवर म्हणाली, "तू पण धक्का दिलास. मी सांगितलंय त्यांना."

हे मला सगळ्यात जास्त झोंबलं. मनातल्या मनात तिला नावं ठेवायलाही तिनं जागा ठेवली नव्हती.

पूल पुरा झाला, ती दांडीला परत गेली. मी आता सफाळ्याकडच्या एका पुलावर आहे. परवा एका ट्रेलरवाल्यानं आपणहून गाडी थांबवली आणि माझ्याकडे निरखून पाहिलं. मी ताठ उभा राहिलो. शेवटी कुणीतरी मला ओळखलं होतं.

"आप मौसी के साथ थे ना? कहाँ हैं वो?"

"गेल्या त्या," मी म्हणालो. "आजारी होत्या." महिन्यापूर्वीच दांडीहून तिच्या मरणाची खबर आली होती.

त्यानं इंजिन बंद केलं आणि मान खाली घातली. मागं हॉर्न सुरू झाले. माझ्यासाठी असं कुणी इंजिन बंद करील का, हा विचार तेव्हाही मनात आलाच. पण मागच्या गाड्यांना मी थोपवून धरलं.