रिटाच्या दारातली नावं

नवरा फ्रेडरिक गेल्यापासून फ्लॉसी लोपीस वसईच्या आपल्या घरात एकटीच राहते. वय पंच्याहत्तर. चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे सगळी आळी तिला टीचर म्हणते. समोरच्या घरातली रिटा तेवढी फ्लॉसी म्हणते आणि भांडण झालं की, "मोठी टीचर लागून गेलीस!"

सप्टेंबरात दुधाचं पातेलं जळलं. आठवड्याने पुन्हा जळलं. त्या दिवशी धूर बघून रिटाच धावत आली, तिने गॅस बंद केला. संध्याकाळपर्यंत बातमी नायगावला पोचली. तिथे नव्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर फ्लॉसीचा मुलगा फ्लॉईड राहतो.

"मम्मी, आता घर बंद करू या. इथे तुझी खोली तयार आहे. जेसिकाने पडदेसुद्धा लावलेत."

"सुनेला सांग, पडदे काढ."

शेवटी तडजोड झाली. एकट्या राहणाऱ्या वयस्कांसाठी स्मरणशक्तीचा ऑनलाइन वर्ग असतो, सहा आठवड्यांचा. तो फ्लॉसीने करायचा. मग दोन नोव्हेंबरला फ्लॉईड येईल आणि काय ते ठरवेल.

दिवस त्याने मुद्दाम निवडला होता. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, आळी क्रूसाजवळ जमते आणि फ्लॉसी प्रत्येक घरातल्या गेलेल्यांची नावं घेते. एकूण त्रेसष्ट. सासूने तिला ती तोंडी दिली होती, जो आधी गेला तो आधी या क्रमाने. कागद तिने कधी हातात धरला नाही. या वर्षी मात्र स्वयंपाकघरात म्हणून बघताना साखळी दोनदा तुटली. हे तिने कुणालाच सांगितलं नाही.

वर्ग मंगळवारी आणि शुक्रवारी, अकरा वाजता. शिकवणारी जागृती नावाची तरुण मुलगी. ती म्हणाली, "ओळखीची जागा घ्या. एकेका दाराशी एकेक वस्तू ठेवा आणि मनातल्या मनात चालत जा." फ्लॉसीने आपली आळी घेतली. चौदा वस्तू क्रमाने, न अडखळता सांगितल्या.

"काकी, एकदम मस्त!" जागृती म्हणाली. पडद्यावरच्या आठ म्हाताऱ्या चेहऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यातले पाच म्यूटवर होते.

मग तिने नावांचंही तसंच केलं. सासूचा क्रम मोडला आणि ज्याची माणसं त्याच्या दारात उभी केली. आळीच्या टोकापासून क्रूसापर्यंत मनात चालत यायचं. तीन दिवस सगळी त्रेसष्ट नावं बरोबर आली.

दोन तारखेला फ्लॉईड मागे उभा होता. फ्लॉसीने डोळे मिटले आणि चालायला लागली. एकेका नावानंतर लोक म्हणत होते, "प्रभो, चिरविश्रांती दे." सहा दारं झाली. सातवं रिटाचं. तिथे रिटाची सासू उर्सुला आणि नवरा जॉन उभे असायला हवे होते. पण मनातल्या त्या ओट्यावर रोजच्यासारखी रिटा तांदूळ निवडत बसली होती.

"रिटा," फ्लॉसी म्हणाली.

मग पहिल्या रांगेतून रिटाचाच आवाज आला, खणखणीत. "प्रभो, तिला चिरविश्रांती दे!" तिच्यामागून सगळे म्हणाले. त्या आवाजानेच फ्लॉसीला आपण काय केलं ते कळलं. पुढे तिने जॉनचं नाव घेतलं आणि ती आठव्या दाराकडे वळली.

उकडलेले चणे वाटताना फ्लॉईडने विचारलं, "आंटी, ती रिटा कोण?"

"माझी सासू," रिटा म्हणाली. "आम्ही दोघी रिटा. घरात कुणाला हाक मारतायत तेच कळायचं नाही. चणे घे."

फ्लॉईडने चणे घेतले. निघताना आईला म्हणाला, "ठीक आहेस तू. राहा इथेच."

सकाळी फ्लॉसीने चहा केला. गॅस बंद केला. पुन्हा जाऊन बटण चाचपून आली. हवं ते मिळालं होतं, पण रिटाच्या खोट्यावर. शाळेत तिच्या वर्गात कुणी कॉपी केली तर ती पेपर काढून घ्यायची. तिने फोन लावला.

"फ्लॉईड, रिटाच्या सासूचं नाव रिटा नव्हतं. मी चुकले."

"माहीत आहे. उर्सुलाआजीच्या ओट्यावरच वाढलोय मी."

"मग बोलला का नाहीस?"

"आंटी इतकं छान खोटं बोलली, मोडवेना." मग म्हणाला, "मला भीती वाटते मम्मी."

"मलाही वाटते."

हे ती पहिल्यांदाच म्हणाली होती. समोर रिटाने दार उघडलं आणि सूप घेऊन तांदूळ निवडायला ओट्यावर बसली.

"ऐक," फ्लॉसी म्हणाली. "नावं आता तू पाठ करायची. रोज सकाळी सातला फोन कर. एका दाराची नावं मी सांगेन, तू म्हणून दाखवायचीस. शेवटच्या दारानंतर पुन्हा पहिल्यापासून. मी चुकले तर तुला कळेल. कळलं की गप्प बसायचं नाही, मला सांगायचं."

"आणि मग?"

"मग मी येईन. जेसिकाला सांग, पडदे असू देत."